फुलदाणीवरचा भिक्खू

फुटलेली चिनीमाती जोडणं हा माझा धंदा, आणि त्यात मी चांगली आहे. हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. त्यामुळे आईच्या हातून घरातली निळी-पांढरी फुलदाणी पडून तिची मान तुटली, तेव्हा मी आईला रडूसुद्धा दिलं नाही. म्हटलं, "दे इकडे, आठ दिवसांत उभी करते."

भोईवाड्याच्या आमच्या खोलीत ती फुलदाणी बुद्धमूर्तीशेजारी असायची. आई दादरला एका पारशी बाईंकडे कामाला होती. त्यांनी घर आवरताना ती दिलेली. तिच्यावर झाड, वाकडा पूल आणि पाण्याकाठी झगा घातलेला माणूस. हातात भिक्षापात्र, म्हणजे भिक्खूच. पौर्णिमेला आई समोर मेणबत्ती लावून पंचशील म्हणायची आणि मी तिच्या मागून म्हणायचे.

कामाच्या टेबलावर फुलदाणी उलटी केली आणि मला हसू आलं. तळाशी चिनी अक्षरांसारख्या नुसत्या रेघोट्या होत्या. माल इंग्लंडचा. चीन कधी न पाहिलेल्या कुणा इंग्रज कारागिराने चिनी चित्रावरून आपल्या मनाने काढलेला चीन. शिवाय झिलईवर नंतर कुणीतरी रंग लावलेला दिसत होता. असा रंग काढून मूळ चित्र मोकळं करायचं, हा आमच्या कामाचा नियम. मी कापसाचा बोळा फिरवला. पांढरा रंग निघाला आणि भिक्खूच्या एका हातात गळ दिसला. दुसऱ्या हातातलं पात्र अर्धं पुसलं, तर खाली माशाची शेपटी.

मी आईला बोलावून घेतलं. खरं तर मला शहाणपण मिरवायचं होतं. "आई, इतकी वर्षं आपण एका मासे मारणाऱ्यापुढे मेणबत्त्या लावल्या."

"माहितीये मला," आई म्हणाली. "मीच तुझ्या बाबांना बोलले होते. आपलं पहिलं शील जीव मारू नये, आणि हा गळ टाकून बसलाय. घरात ठेवायचा कसा? गिरणीत पाट्या रंगवायचे ना ते. एका रविवारी बसले, गळ झाकला, माशाचं पात्र केलं." मग तिने पात्रावर बोट ठेवलं. "त्यांच्या हातचं एवढंच होतं गं घरात. तेच पुसलंस तू."

बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. मला त्यांचा आवाजही आठवत नाही. मला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता.

उरलेल्या अर्ध्या पात्रावर त्यांची रेघ होती, जाड, एका दमात ओढलेली. तशीच रेघ मी दोन दिवस कागदावर गिरवली. मग मान जोडली, गळ झाकला, मासा झाकला, पात्र पुरं केलं. त्यांचं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं, हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही ओळखता येणार नाही.

आईला येतं. पौर्णिमेला मेणबत्ती लावण्याआधी ती फुलदाणी जराशी फिरवते, बाबांची बाजू पुढे येईल अशी.