बाजरीच्या इडल्या
थंडीत पीठ फुगावं म्हणून बायको पातेलं घोंगडीत गुंडाळून ठेवते, आणि सकाळी तो आंबूस वास सुटला की मला खोडदचं आमचं घर आठवतं. गावाजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर नोकरीला असलेलं एक तमिळ कुटुंब आमच्याकडे भाड्यानं राहायचं. त्या घरच्या मावशींनी आईला इडली शिकवली आणि वडलांना तिचं वेडच लागलं. मग त्यांना शुगर निघाली. तांदूळ बंद झाला, तशी आईनं मावशींना विचारून बाजरी-उडदाची इडली बसवली. करडी आणि जड. वडील रोज कुरकुरायचे, "ही तर भाकरच वाफवलीस. येक पांढरी दे की." आई म्हणायची, "बरे व्हा, मंग देते." ते बरे झालेच नाहीत. दहाव्याला मीना नदीच्या घाटावर आईनं पिंडाशेजारी सवयीनं बाजरीच्याच इडल्या ठेवल्या. कावळे बाभळीवरून हलेनात. शेवटी मावशी धावत घरी गेल्या आणि दोन पांढऱ्या इडल्या घेऊन आल्या. त्या पानावर ठेवल्या मात्र, कावळा उतरला. "शिवला, शिवला," म्हणत माणसं उठली. आई तिथंच बसून राहिली. "येक दिली असती तर काय झालं असतं?" एवढंच ती म्हणाली. डब्यात उरलेल्या बाजरीच्या इडल्या तिनं घरी आल्यावर एकटीनं कोरड्याच खाल्ल्या. आता शुगर मला आहे. बायको करते ती इडली मी मुकाट खातो. पांढरी कधी मागत नाही. नाही म्हणायची पाळी तिच्यावर येऊ नये.