लवूमामाचा ऐंशी डोळ्यांचा म्हाराजा

लवू गावकरच्या कामाला चाळीस वर्षांत कोणी हसलं नव्हतं. हसायची टाप होती कोणाची? मालाडच्या गणपतीत त्याने केलेला हलता नाग फणा काढायचा, तेव्हा पहिल्या रांगेतली पोरं मागच्या रांगेत पळायची आणि हा खांबाला टेकून मिशीला पीळ भरायचा. गर्विष्ठ म्हणाल तर होताच. पण हातात कला होती बाबा, मग का नसावा गर्व?

बहिणीच्या लेकीने, श्रुतिकाने, सिनेमा काढायचं ठरवलं तेव्हा ती सरळ त्याच्याकडेच आली.

"मामा, ताऱ्यांच्या पलीकडून एक प्राणी येतो. देवांच्याही आधीचा. जग गिळायला आलाय. पण बजेट ना, फारच..."

"बजेटचा सोड. डोळे किती?"

"तू ठरव."

"ऐंशी," लवू म्हणाला आणि कामाला लागला.

सिनेमा विनोदी आहे, हे मात्र पोरीने सांगितलंच नाही. मामाचा पारा तिला ठाऊक होता.

दीड महिना लवूला तहानभूक नव्हती. करवंट्या घासून, रंगवून डोळे केले. वॉशिंग मशीनच्या पाइपांचे हातपाय झाले. मनोरीच्या कोळ्यांकडून जुनी जाळी आणून त्यांची कातडी केली, पोटात गाडीच्या वायपरची मोटर बसवली. बायको, जानकी, रोज ओरडायची, "अहो, मेलं ते ध्यान माझ्याकडेच बघतंय!" लवू खूश व्हायचा. बायको घाबरली म्हणजे काम फत्ते.

शूटिंग श्रुतिकाच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. आता कोकणातल्या माणसाची एक खोड असते. काम सुरू करण्याआधी गाऱ्हाणं घालायचं: एकाने देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. देखाव्याचं बटण दाबण्याआधी लवूने ते एकदाही चुकवलं नव्हतं. त्या दिवशीही त्याने हात जोडले. कॅमेरा सुरू झालाय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"बा म्हाराजा! तू आभाळाच्या पल्याडसून इलस, तुझो मान मोठो! ह्या पोरांनी जा काय मांडल्यानी हा, ता गोड मानून घे! मोटर जळूक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" युनिटची सगळी पोरं सवयीने ओरडली. पोरं तरी कुठली? सगळी कणकवली-कुडाळकडचीच!

त्याने बटण दाबलं. ऐंशी डोळे फिरले, हात वळवळले. आणि मिनिटभरात मोटर जळाली ती जळालीच. दुसरा टेक काही झाला नाही.

"माझा आवाज तेवढा काढून टाक हां," कॅमेरा आधीपासूनच सुरू होता हे कळल्यावर लवूने बजावलं. श्रुतिकाने मान हलवली.

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये पडदे ओढून पहिला खेळ झाला. लवू नवा सदरा घालून पुढच्याच खुर्चीत बसला होता. बघतो तर काय, जग गिळायला आलेला तो महाप्राणी अजून टाकीआडच असतो, तोच सेक्रेटरी त्याला अडवतो आणि म्हणतो, आधी सोसायटीचं ना हरकत पत्र आणा! हॉल खदखदून हसला. लवूचं तोंड कडू झालं. दीड महिना हाडाची काडं केली ती ह्यासाठी? तो उठायला लागला. जानकीने सदऱ्याचं टोक धरून त्याला खाली बसवलं.

तेवढ्यात टाकीमागून तो वर आला. हॉल चिडीचूप झाला. मागे कोणाचं तरी तान्हं रडायला लागलं. जानकीने, दीड महिना ते ध्यान घरात सांभाळलेल्या जानकीने, लवूचं मनगट घट्ट धरलं. आणि त्या शांततेत लवूचाच आवाज घुमला: "बा म्हाराजा! तू आभाळाच्या पल्याडसून इलस..."

लवूला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मोटर जळूक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा हॉल एका सुरात गरजला, आणि मग जो काही हसला! भ्यालेली माणसं पोट धरधरून हसत होती. जानकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मनगट तिने सोडलं नव्हतं. लवूने आधी तिच्या हाताकडे बघितलं, मग मागे वळून लोकांकडे. सगळ्यांचे डोळे अजून पडद्यावरच्या त्याच्या प्राण्याला चिकटलेले होते. त्याचा हात आपसूक मिशीकडे गेला.

खेळ संपल्यावर श्रुतिका भीतभीत समोर आली. "मामा, रागावलास?"

"रागावू नको तर काय करू?" लवू कडाडला. "हसवायचं होतं तर आधी सांगायला काय झालं होतं गं? आणखी भयानक करून दिला असता ना!"