दाराबाहेरचा आवाज

माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. दूधवाला जास्त हसला की मी आधी दुधाकडे बघते. वर्गात एखादं पोर न विचारता खरं बोललं तर मला अधिकच संशय येतो. नवरा म्हणतो, तू शिक्षिका उगाच झालीस, पोलिसात जायला हवं होतंस. पण यात माझा काही दोष नाही. दोष असलाच तर रेडिओचा आहे.

मी लहान असताना आम्ही मानवतला राहायचो. बाबा कापसाच्या अडतीवर मुनीम होते. दिवसभर हिशेबाच्या वह्यांत डोकं घालून काम करायचे आणि घरी आले की रेडिओशिवाय त्यांना काही सुचायचं नाही. दर गुरुवारी संध्याकाळी बाजारभाव संपले की एक नाटक लागायचं. बाबा रेडिओ फडताळावरून खाली घ्यायचे, सतरंजी अंथरायचे, आई पोळपाट-लाटणं घेऊन तिथंच येऊन बसायची. तेवढा वेळ भाकरी नाही, पोळ्या. कारण भाकरी थापली की आवाज होतो.

नाटकाची गोष्ट अशी. आभाळातून काहीतरी एका गावाजवळ उतरतं. त्याला शरीर नाही. त्याला फक्त आवाज आहे, आणि तोही स्वतःचा नाही. ज्याला एकदा ऐकलं त्याचा आवाज ते घेतं. मग ते संध्याकाळी लोकांच्या दाराशी येतं आणि घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारतं. दार उघडलं की संपलं. काय संपलं ते नाटकात कधीच सांगत नसत. नुसती एक शिट्टी वाजायची, लांबून जवळ येणारी, आणि आई लाटणं धरून तशीच थांबायची.

टीव्हीवर असतं तर निदान चेहरा दिसला असता. रेडिओवर आत बसलेल्या माणसाला जेवढं कळायचं तेवढंच आम्हाला. बाहेर बोलणारा खरा का खोटा, हे आम्हीही आवाजावरूनच ओळखायचं होतं. मी बाबांच्या शर्टाचं टोक मुठीत धरून ऐकायचे.

मधल्या कुठल्याशा भागात एका म्हाताऱ्यानं त्याला ओळखायची युक्ती शोधून काढली. त्या आवाजाला सगळं माहीत असतं. काहीही विचारा, उत्तर बरोबर येतं. पण त्याला चिडता येत नाही. माणूस विसरतो, वैतागतो, उलट बोलतो. ते मात्र शांतपणे बरोबर उत्तर देत राहतं. तेव्हा बाहेरच्याला प्रश्न विचारत राहायचं, आणि तो चिडला तरच कडी काढायची.

ही युक्ती बाबांना इतकी आवडली की आमच्या घराचा तो कायदाच झाला. मी शाळेतून आले की आतून आई विचारायची, ‘‘कोण?’’

‘‘मी.’’

‘‘मी कोण? सकाळी काय खाल्लंस?’’

‘‘उघड की गं! पाय दुखायलेत माझे!’’

मग कडी निघायची. बाबांनाही सुटका नव्हती. तेही बाहेरून, ‘‘डोकं खाऊ नको, उघड,’’ असं ओरडले की आत यायचे. पाहुण्यांना वाटायचं, या घरात सतत भांडणं चालतात. नवरा मला बघायला आला तेव्हा बाबांनी दारातच त्याला विचारलं, सकाळी काय खाल्लं? तो बिचारा अदबीनं म्हणाला, पोहे. पुन्हा विचारलं, कांदा होता का? तो म्हणाला, हो, आणि शेंगदाणेही. तो गेल्यावर आई म्हणाली, ‘‘पोरगा चांगला हाय, पण लय बरोबर बोलतो.’’ लग्न झालं, आता पोरं कॉलेजात गेली, तरी तिच्या मनातलं ते पुरतं गेलेलं नाही.

नाटकाचा शेवटचा भाग मी ऐकला नाही. शेवटच्या भागात त्या गावातल्या एका बाईचा नवरा परत येणार होता. तो आभाळातली ती वस्तू शोधायला गेला होता आणि फार दिवसांनी दारात उभा राहणार होता. म्हणजे आवाज तरी त्याचाच असणार होता. बाजारभाव संपत आले आणि आईनं माझ्या हातात विरजणाची वाटी दिली. शेजारच्या काकूंना आत्ताच्या आत्ता देऊन ये म्हणाली. मी धावत गेले. काकूंनी मला अर्धा तास बसवून ठेवलं. परत आले तेव्हा रेडिओ बंद होता, बाबा सतरंजीवर आडवे झालेले, आणि आई पोळ्या शेकत होती. काय झालं, दार उघडलं का, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, न्हाई उघडलं. आईनं तव्यावरची पोळी उलटली. तेव्हापासून मला संशय आहे की मला मुद्दाम बाहेर काढलं. आणि बाबा इतक्या पटकन सांगून मोकळे झाले, त्याचाही संशय आहेच.

हे सगळं आता आठवायचं कारण गेल्या हिवाळ्यात घडलं. त्याच्या थोडं आधी आई-बाबांच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांना फोन आला. फोनवर त्यांचा पुण्यातला नातू. अपघात झालाय, दवाखान्यात आहे, माझा फोन फुटलाय म्हणून दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय. आवाज हुबेहूब त्याचाच. मास्तरांनी खात्यातलं होतं नव्हतं ते पाठवलं, आणि नातू तर तेव्हा कॉलेजात बसलेला. आता मशीनला थोडा आवाज ऐकवला की ते कुणाच्याही आवाजात बोलतं, हे सगळ्या गल्लीला कळलं. गल्ली घाबरली. बाबा मात्र खूष झाले. पारावर जाऊन सांगत सुटले, ‘‘आमच्या नाटकात हे कवाच येऊन गेलं!’’ आणि घरी आईला बजावलं, अनोळखी नंबरवरून कुणाचाबी आवाज येऊ दे, नाटकातल्यासारखं विचारल्याशिवाय एक शब्द सांगायचा न्हाई.

मग चारठाण्याला एक लग्न होतं. मी जिंतूरला राहते, त्यामुळे बाबा आदल्या दिवशीच माझ्याकडे आले. आईचे गुडघे दुखत होते, ती मानवतलाच थांबली. बाबा लंगडत होते. काय झालं म्हटलं तर, काही न्हाई, काटा गेला होता, काढला. लग्नात पंगतीला बसताना मी त्यांचा हात धरला तर हात भाजेल इतका तापलेला. पायजमा वर केला, पोटरी लाल होऊन टम्म सुजली होती. नवऱ्यानं कुणाची तरी जीप मिळवली आणि आम्ही त्यांना जिंतूरच्या दवाखान्यात आणलं. तोवर ते मधूनच बरळायला लागले होते.

डॉक्टर म्हणाले, पायातलं विष अंगात पसरतंय, इंजेक्शन लगेच सुरू करायला पाहिजे. यांना कुठलं औषध बाधतं का?

बाधतं, हे मला माहीत होतं. कुठलं, ते माहीत नव्हतं. मी लहानपणी सुट्टीत चुडाव्याला मावशीकडे गेले होते तेव्हा ते घडलं. परत आले तेव्हा बाबांचं तोंड सुजलेलं, डोळे मिटलेले. इंजेक्शन बाधलं होतं, जाता जाता वाचले, एवढंच मला सांगितलं. नाव आईला माहीत. डॉक्टर म्हणाले, विचारा, पण लवकर. चुकीचं दिलं तर अवघड होईल, आणि थांबणंही परवडणार नाही.

माझ्या फोनची बॅटरी लग्नातच संपली होती. बाबा फोन बाळगतच नाहीत. नवऱ्याचा फोन त्याच्याकडे, आणि तो जीप परत द्यायला गेलेला. आईचा नंबर तेवढा पाठ. सिस्टरांनी त्यांचा फोन दिला. मी नंबर लावला आणि एका दमात सांगितलं की आई, मी बोलतेय, माझा फोन बंद पडलाय, बाबा दवाखान्यात आहेत. बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की मी मास्तरांच्या नातवाचं वाक्य न् वाक्य म्हणतेय.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग, ‘‘कोण बोलायलंय?’’

‘‘मी गं आई. बाबांना कुठलं इंजेक्शन बाधलं होतं?’’

‘‘आपल्या घरात मीठ कशात असतं?’’

‘‘बरणीत. चिनीमातीच्या. कान तुटलाय तिचा.’’

‘‘दिवाळीला काय बिघडलं?’’

‘‘अनारसे. तुपात विरघळले.’’

‘‘कुणामुळं?’’

‘‘माझ्यामुळं. आई, ऐक ना, कृपा करून सांग.’’

मी वर्गातल्या हुशार पोरीसारखी उत्तरं देत होते. घाबरले होते, म्हणून आवाज मऊ निघत होता. आईशी मी जन्मात कधी कृपा करून बोलले नव्हते.

‘‘लय बरोबर सांगायली,’’ आई म्हणाली. ‘‘माझी लेक दुसऱ्याच प्रश्नाला खेकसली असती. थांब, तिच्या फोनवर लावते.’’ आणि फोन ठेवला.

माझा फोन पर्समध्ये मेलेला पडला होता. मी पुन्हा लावला. आईचा आवाज आता पार बदलला होता.

‘‘तिचा फोन बंद हाय. तुमीच केला असंल. कोण हाव तुमी? का तरास द्यायलाव?’’

माझ्या आईनं मला तुमी म्हटलं. आत कॉटवर बाबा कण्हत होते, डॉक्टर दारात येऊन माझ्याकडे बघत होते, आणि मला दिसत होतं की मी कितीही खरं सांगितलं तरी मी आणखी खोटी ठरणार आहे. त्या नाटकाचा, त्या म्हाताऱ्याचा आणि त्याच्या युक्तीचा मला असा राग आला की बस. आणि रागाच्या मागोमाग सगळ्यात जुना राग वर आला.

‘‘तू मला शेवटचा भाग ऐकू दिला नाहीस!’’ मी ओरडले. सिस्टर दचकल्या. ‘‘विरजण काय पळून चाललं होतं? मुद्दाम घालवलंस मला! आता बाबा इथं मरायलेत आणि तू मीठ कशात हाय विचारायलीस? खड्ड्यात गेली तुझी बरणी!’’

मला वाटलं फोन ठेवला. मग एकदम हळू आवाजात आई म्हणाली, ‘‘पेनिसिलीन. ते देऊ नका म्हणावं.’’

डॉक्टरांनी दुसरं औषध सुरू केलं. संध्याकाळ व्हायच्या आत आई एसटीनं जिंतूरला पोहोचली, गुडघे दुखत असताना, हातात पिशवी घेऊन. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. सरळ कॉटपाशी गेली आणि बाबांच्या कानाशी वाकून म्हणाली, ‘‘सकाळी काय खाल्लं?’’

बाबांनी डोळे न उघडताच तोंड वाकडं केलं. ‘‘डोकं खाऊ नको.’’

आई खाली फरशीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मीही तिच्या शेजारी बसून रडले.

पंधरवड्यानं बाबा मानवतला घरी आले. मी रविवारी भेटायला गेले. त्यांचा पाय उशीवर, आई शेंगा सोलत बसलेली. बाबा कौतुकानं म्हणाले, ‘‘बघितलं? युक्ती कामाला आली. पोरगी चिडली अन् हिनं वळखलं.’’

‘‘कुठं वळखलं?’’ आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. ‘‘मग मी ओरडले तेव्हा?’’

‘‘ओरडायला काय! आवाज करायला शिकलं ते, चिडायलाबी शिकलं असंल. विरजणाचं तर तू गल्लीभर सांगितलंय. मला काय खात्री?’’

‘‘मग नाव का सांगितलंस?’’

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे ताटात टाकले. ‘‘खोटी असतीस तर एका खोटीला औषधाचं नाव कळलं असतं. खरी असतीस अन् मी सांगितलं नसतं तर?’’

इतकी वर्षं माझा माझ्या चिडण्यावर केवढा भरवसा होता, आणि या वेळी तिनं दार उघडलं ते त्यावर विसंबून नव्हतंच.

मी एक शेंग उचलली आणि विचारलं, ‘‘आई, नाटकात त्या बाईनं काय केलं?’’

‘‘न्हाई उघडलं,’’ बाबा म्हणाले.

‘‘तुमी घोरायलेते,’’ आई म्हणाली. ‘‘उघडलं तिनं. लय विचारलं त्याला, तो सगळं बरोबर सांगत गेला. एकदाबी चिडला न्हाई. ती रडली, अन् उघडलं.’’

‘‘मग? बाहेर कोण होतं?’’

‘‘ते कुठं सांगितलं? कडी काढल्याचा आवाज आला, अन् नाटक संपलं.’’