द्वारकाक्कांनी घातलेली शपथ

द्वारकाक्कांशी बोलायला गेलं की त्या आधी डाव्या हाताचं बोट वर करायच्या. बोट वर म्हणजे थांब. उजव्या हाताने मशीनचा दांडा फिरत असायचा, केसाएवढी बारीक तांब्याची तार रिळावर चढत असायची आणि त्या ओठांतल्या ओठांत वेढे मोजत असायच्या. मशीनला काउंटर होता, पण त्याच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा खुद्द मॅनेजरसाहेब त्यांच्यापाशी येऊन काही विचारायला लागले, तर त्यांनाही बोट दाखवून उभं केलं. वेढे पुरे झाले, तार तोडली, मग पदराने कपाळ पुसून म्हणाल्या, "हां, बोला आता, साहेब. आता सगळी तुमचीच."

सत्तरच्या दशकात पिंपरी आणि चिंचवडच्या मधल्या एका लहानशा कारखान्यात आम्ही चौदा बायका विजेच्या मोटारींच्या कॉइल गुंडाळायचो. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक होऊन नुकतीच लागलेली. अक्का चाळिशीच्या. नगरकडच्या एका खेड्यातून नवऱ्याबरोबर आलेल्या, पिंपरीत दोन खोल्यांत राहायच्या. नवरा नामदेवराव लोखंडाच्या कारखान्यात, मोठी मुलगी रत्ना शिवणकाम शिकत होती. पहिल्याच दिवशी माझी तार अकरा वेळा तुटली आणि मी रडायच्या बेतात आले, तेव्हा अक्कांनी शेजारून न बघताच सांगितलं, "घाई तुला हाय, पोरी. तारेला न्हाई. तिच्या चालीनं चाल."

हसणंही त्यांचं असं, की शेजारच्या खात्यातले पुरुष दारातून डोकावायचे. डब्यात रोज मिरचीचा ठेचा असायचा आणि तो सगळ्यांनी खाल्लाच पाहिजे असा दंडक होता. कुणी नको म्हटलं तर म्हणायच्या, "खा गं. डोळ्यांतनं पानी आलं तर निदान ठेच्यानं आलं म्हनता येतं."

त्या बाईला एका उन्हाळ्यात काय झालं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कुणी गेलं नव्हतं, घरात भांडण नव्हतं. हसणं आधी गेलं, मग डबा उघडणं गेलं. दांडा फिरवता फिरवता हात थांबायचा आणि डोळ्यांतून पाणी गळत राहायचं. "काय होतंय, अक्का?" म्हटलं की म्हणायच्या, "काय न्हाई. आतनं कुनीतरी दिवा फुकलाय."

कंपनीत आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर भले होते. त्यांनी पुण्यातल्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. नामदेवरावांना सुट्टी मिळेना, म्हणून लोकलने अक्कांना घेऊन मी गेले. तिथल्या डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतलं आणि दिवसातून तीन वेळा घ्यायची बारीक तांबूस गोळी लिहून दिली. महिनाभर काही फरक दिसला नाही. मग एके दुपारी त्यांनी माझी कॉइल उचलून उजेडात धरली आणि सगळ्यांदेखत मला झाडलं, "ही काय कॉइल हाय का चिमणीचं घरटं?" मी मोरीपाशी जाऊन आनंदाने रडले.

गोळीचं डॉक्टर सोडले तर अक्का, नामदेवराव आणि मी, आम्हा तिघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. दुपारची गोळी घेताना बायकांनी विचारलं तर अक्का "रक्ताची हाय" म्हणायच्या. डोक्याच्या डॉक्टरकडची गोळी म्हणजे वेड, एवढंच तेव्हा लोकांना कळायचं. खरं पाहिलं तर मलाही त्याहून फारसं कळत नव्हतं.

पावणेदोन वर्षं असं बरं गेलं. मग रत्नाला चाकणचं स्थळ आलं. मुलगा पिंपरीतच नोकरीला होता, स्वभावाने गरीब. बघून गेल्यावर निरोप आला, मुलगी पसंत आहे. जाताना मुलाच्या आईने दारात उभं राहून सहज विचारलं होतं, "घरात कुणाला काय दुखनं-बिखनं न्हाई ना?" अक्का म्हणाल्या, "न्हाई."

निरोपाच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, डबा खाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "सुले, त्या गोळ्या काल मी गटारात टाकल्या."

"सगळ्या? डॉक्टरांना विचारलंत?"

"इचारायचं काय? बरी झाले न्हवं मी? मग कशाला पायजेत? रविवारी साखरपुडा हाय. धा मान्सं घरात येनार, कुनाच्या हाती डबी लागली तर पोरीचं काय?"

"अक्का, निदान आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालू."

त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "कुनाला सांगायचं न्हाई. माझी शपथ हाय तुला."

बुधवारी त्यांना मळमळायला लागलं. गुरुवारी पंख्याखाली बसून पोलकं घामाने चिंब, नाक गळतंय, हात असे कापतायत की तार धरता येईना. बायका आपसात हसल्या, म्हणाल्या, या वयात अक्कांना दिवस गेले की काय. मी हसले नाही आणि बोललेही नाही. शिफ्ट सुटल्यावर त्यांना घरी सोडायला गेले.

शुक्रवारी त्या आल्याच नाहीत. दुपारी गेले, तर भर उन्हाच्या दिवसांत गोधडी पांघरून थरथरत पडलेल्या. म्हणाल्या, "डोळा लागला की घर जळताना दिसतंय. त्याच्यापरीस झोप नको. आन् जागं ऱ्हायलं तर अंगातनं मुंग्या पळत्यात." एका जागी दोन मिनिटं त्यांना पडवत नव्हतं. उठायच्या, भिंतीला धरून चालायच्या, पुन्हा पडायच्या. रत्ना भांबावून कोपऱ्यात उभी. नामदेवराव मला बाहेर घेऊन म्हणाले, "जुनं दुखनं उलटलं बघा. आता काय ही सुधरत न्हाई." गोळ्या टाकल्याचं त्यांनाही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं. आतून अक्का माझ्याकडेच बघत होत्या.

मी आत जाऊन त्यांचे पाय दाबत बसले. दुसरं काय करावं ते सुचेना. पायांना थंड घाम होता आणि माझ्या हातांखाली ते सारखे हलत होते. शनिवारीही मी तेच केलं.

रविवारी चाकणची माणसं आली. अक्का नवं लुगडं नेसून उभ्या राहिल्या खऱ्या, पण ओटीचं ताट हातात घेतलं आणि ताट वाजायला लागलं. नारळ घरंगळून मुलाच्या आईच्या पायाशी गेला. अक्का तोंडाला पदर लावून मागच्या दारी धावल्या. ओकारीचा आवाज सगळ्या घराने ऐकला.

"यांना काय होतंय?" मुलाच्या आईने विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण ताट सावरायला मीच पुढे झाले होते.

"पित्त," मी म्हटलं. "पित्ताचा त्रास आहे त्यांना."

त्या बाईंनी रत्नाला कुंकू लावलं, पण चहा तसाच ठेवून मंडळी उठली.

सोमवारी सकाळी मी कारखान्यात पोचले, तर अक्का माझ्याआधी येऊन मशीनवर बसलेल्या. अनवाणी, केस न विंचरलेले. दांडा फिरत होता आणि त्या मोठ्याने आकडे म्हणत होत्या. रिळावर तारच नव्हती. मी हाक मारली, बोट वर झालं नाही. मी खांद्याला हात लावला तेव्हा म्हणाल्या, "सुले, मी येडी झाले का गं? खरं सांग. झाले ना?"

मग मात्र मी धावत सुपरवायझरच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी कंपनीच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पुण्याला फोन लावला, आणि कंपनीच्या गाडीतून आम्ही अक्कांना नेलं.

पुण्याचे डॉक्टर अक्कांच्या समोर खुर्ची ओढून बसले. "बाई, तुम्ही वेड्या झालेल्या नाहीत. शरीराला या औषधाची सवय लागलेली होती. तुम्ही एका दिवसात बंद केलंत, त्याचा हा त्रास आहे. गोळी परत सुरू करू. सोडायची असेल तर मला सांगून, हळूहळू सोडायची." मग माझ्याकडे वळून त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला मंगळवारपासून माहीत होतं?"

मी मान हलवली. ते चिठ्ठी लिहायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

चार दिवसांत अक्कांच्या हातांचं कापणं थांबलं. त्याच आठवड्यात चाकणहून निरोप आला, मुलाचं इतक्यात करायचं नाही. रत्ना म्हणाली, "मोडलं ते बरंच झालं," आणि शिवणाच्या क्लासला निघून गेली. अक्का बराच वेळ दाराकडे बघत बसल्या. "जिच्यासाठी सोडली, तिचंच मोडलं," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी डॉक्टरांना सांगून गोळी कमी करायला घेतली. तीनच्या दोन, दीड-दोन महिन्यांनी दोनाची एक. दर वेळी आठ-दहा दिवस वाईट जायचे. मी शेजारच्या मशीनवरून विचारायची, "आज कसं?" उत्तर यायचं, "वंगाळ. पर कालच्यापरीस कमी." शेवटची एक गोळी काही सुटली नाही. दोनदा प्रयत्न झाला, दोन्ही वेळा काही महिन्यांनी तो दिवा पुन्हा विझायला लागला. डॉक्टर म्हणाले, राहू द्या. अक्कांनी राहू दिली आणि मग ती सगळ्यांदेखत घ्यायला लागल्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, "मनाची हाय. तुला पायजे तर डॉक्टरचा पत्ता देते." रत्नाचं पुढे आकुर्डीच्या एका मुलाशी लग्न झालं. त्या घरी अक्कांनी पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं.

ऐंशीच्या सुमाराला नामदेवराव नोकरीतून सुटले आणि दोघं गावाकडे निघाली. मी पोचवायला एसटी स्टँडवर गेले. तोवर माझंही लग्न झालं होतं, तरी ती एक गोष्ट मनातून जात नव्हती. गाडी लागायला वेळ होता. मी म्हटलं, "अक्का, तेव्हा मी आधीच बोलायला हवं होतं. तुमची शपथ होती म्हणून गप्प बसले. रागावला असाल माझ्यावर."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. ते जुनं, मोठं हसणं नव्हतं.

"राग न्हाई गं. शपथ मीच घातली हुती. तू रोज यायचीस, पाय दाबायचीस." त्यांनी पायाशी ठेवलेलं बोचकं उचलून मांडीवर घेतलं. "पर सांगू का? तू आलीस की मला रोज वाटायचं, आज ही शपथ मोडंल. आज ही कुनाला तरी सांगंल. तू गेलीस की मी दाराकडं बघत पडायची."

गाडी लागली. नामदेवरावांनी ट्रंक वर चढवली आणि अक्कांना हात दिला. खिडकीतून त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.