कुंभारणीनं बुजवलेला प्लग

गेल्या मंगळवारी शाळेतून साताऱ्याच्या घरी आले, मोबाइलची बॅटरी संपत आलेली... आणि पलंगाजवळच्या प्लगमध्ये चार्जर जाईचना. वाकून पाहिलं तर तिन्ही भोकं मातीनं गच्च बुजवलेली. वरून हात फिरवल्यासारखं छान लिंपलेलंही होतं.

कुंभारीण. तीच ती बारीक कमरेची माशी, ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणते आणि गुणगुणत घर बांधते. एवढं घर मोकळं पडलेलं असताना तिला माझाच प्लग सापडला... स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, तर सासूबाई आडव्या उभ्या.

"हात लावू नगंस! पाप लागंल. कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हालतो."

आमच्या आई उंब्रजकडच्या, त्यांच्या तोंडून असं काही निघालं की विषय संपला. आता माझा नवरा फौजेत, राजस्थानात. सात महिन्यांत घरी आलेला नाही, हे कुंभारणीला कुणी सांगायचं? पण आईंकडे उत्तर तयार होतं. "दिवाळीला येतोय की त्यो."

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण लग्नाला बारा वर्षं झाली. दोन वर्षं पहाटेच्या एसटीनं सांगलीला जाऊन इंजेक्शनं घेतली, तीनदा आशा लागली आणि तीनदा गेली... मागच्या वर्षी आम्ही दोघांनी फोनवर ठरवलं, आता बास. ते आईंना सांगायचा धीर मात्र मला वर्षभर झाला नव्हता.

बुधवारी बातमी गल्लीत पोचली. समोरच्या काकू घर बघायला आल्या. प्लगकडे अर्धा मिनिट बघितलं, उरलेला वेळ माझ्या पोटाकडे. मग अजून दोघींना घेऊन आल्या... माती काळी आहे म्हणजे मुलगाच, असं निदानही करून गेल्या. मी चहा करत राहिले.

शाळेत विज्ञानाच्या मॅडमना सहज विचारलं. त्यांनी सांगितलं ते ऐकून अंगावर काटा आला. ही माशी हिरव्या अळ्या पकडते, पण मारत नाही. नांगी मारून नुसत्या लुळ्या करते आणि जिवंतच आत कोंबते. त्यांच्यासोबत एक अंडं घालते, दार लिंपते आणि निघून जाते... पिल्लाचं तोंडसुद्धा बघत नाही म्हणे. आणि आम्ही तिच्याकडून शकुन घेत बसलोय!

गुरुवारी संध्याकाळी बघते तर आई जुन्या मऊ साडीचं दुपटं शिवायला बसलेल्या. चष्मा नाकावर आलेला, सुईत दोरा जात नव्हता... मला पुढे बघवेना. शेजारी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. "आई, आम्ही थांबवलंय. वर्ष झालं. आता माझ्याच्यानं होत नाही."

आईंनी सुई कापडात टोचली, घडी घातली आणि उठून देवापाशी जाऊन बसल्या. जेवणही त्यांनी एकटीनंच उरकलं. वाटलं, गेलं आता... एवढी वर्षं सांभाळलेलं माणूस मी एका वाक्यात दुखावलं.

शुक्रवारी घरी आले तर पंखे बंद, मेन स्विच खाली पाडलेला. आई प्लगसमोर फरशीवर बसलेल्या, हातात केसांचा आकडा. माती उकरून उकरून पुढ्यातल्या कागदावर काढलेली, त्यात चार-पाच हिरव्या अळ्या आणि एक पांढरं, इवलंसं पिल्लू. त्याच्याकडे बघत आईंचे डोळे भरलेले होते.

तेवढ्यात काकू दारात हजर, सोबत त्यांची बहीण. आई जागच्या उठल्यासुद्धा नाहीत. "बगायला काय ऱ्हायलं न्हाई आता. आन् माज्या सुनंच्या पोटाकडं तर अजिबात बगू नगा." काकू आल्या पावली परत गेल्या.

मी कसंबसं विचारलं, "आई, पाप लागतं म्हणाला होतात ना?"

"व्हय, लागतं. म्हणून तर तू यायच्या आत फोडलं." कागदाची पुडी बांधत त्या म्हणाल्या, "लागू दे मला. तू लय सोसलंस."

बारा वर्षांत डॉक्टर, पाहुणे, मैत्रिणी सगळ्यांनी मला धीर धर, उपास कर, अजून एकदा बघ असंच सांगितलं. आईंचा त्या पापावर खरोखर विश्वास आहे. तरी माझ्यासाठी त्यांनी ते अंगावर घेतलं... आणि त्यांनाच सांगायला मी वर्षभर घाबरत होते. तिथंच फरशीवर बसून मी मोठ्यानं रडले, आणि आईंनी मला गप्प हो म्हटलं नाही.