जोतिबाचा डमी अर्ज

आमच्या गावच्या दूध संस्थेत पंचवीस वर्षांत मतदान असं झालेलं नव्हतं. दर पाच वर्षांनी निवडणूक लागायची, अर्ज भरले जायचे आणि माघारीच्या दिवशी सगळं बिनविरोध होऊन पेढे वाटले जायचे. चेअरमन वीरधवलदादांचा अर्ज छाननीत उडालाच, तर हाताशी दुसरा असावा म्हणून त्यांचा चुलतभाऊ जोतिबा डमी अर्ज भरायचा. दादांचा अर्ज कधी उडाला नाही. जोतिबा पाच वेळा अर्ज भरून पाच वेळा माघार घेऊन आला. दादांच्याच गाडीतून जायचं, त्यांच्याच गाडीतून यायचं, येताना कुंडलला मिसळ खायची.

फौजेतही त्याचं असंच झालं. सतरा वर्षं नोकरी केली, पण लढाई वाट्याला आली नाही. युद्धसराव आला, आणि त्यात दरवेळी साहेबांनी याला शत्रूच्या बाजूला घातलं. शत्रूनं कुठल्या दिवशी किती वाजता हरायचं ते आधीच कागदावर ठरलेलं असायचं. हे तो स्वतः हसत सांगतो. मला त्यात हसू येत नाही, उलट डोकं फिरतं. माणसाला जन्मात एकदा तरी कुणीतरी खरं म्हणून मोजावं असं वाटणारच की. एकदा धार काढता काढता तो मला म्हणाला, "गुरुजी, मला किती मतं पडत्यात तेवढं एकदा बघायचंय. पडलो तरी चालंल."

दोन वर्षांपूर्वी तशी संधी आली, पण तीही खोटी. दादांची लेक राजनंदिनी सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्या प्रोजेक्टचा विषय होता ब्लॉकचेनवर मतदान. तिनं मला ते चार वेळा समजावलं. कळलं ते एवढंच, की जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर एकच वही असते, तिच्यात एकदा लिहिलं की खोडता येत नाही आणि ती कुणालाही वाचता येते. खऱ्या नेटवर्कवर प्रत्येक नोंदीला पैसे पडतात, म्हणून शिकणाऱ्यांसाठी टेस्ट नेटवर्क असतं. हुबेहूब तसंच, फक्त तिथली नाणी फुकट मिळतात आणि त्यांची किंमत शून्य. मतदानाला दोन उमेदवार हवे होते. एक पप्पा. दुसरा कोण, हे पोरीला कुणाला विचारावं लागलं नाही.

जोतिबानं मात्र काम फौजी पद्धतीनं अंगावर घेतलं. फोनवर त्या नाण्यांचं पाकीट, म्हणजे वॉलेट, उघडलं. त्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, ते कागदावर लिहून देव्हाऱ्यात ठेवले. फुकटची नाणी एका साइटवर मागावी लागतात. तिला इंग्रजीत नळच म्हणतात, आणि आमच्या गावच्या नळासारखाच तो चोवीस तासांतून एकदा सुटतो, तोही थेंब थेंब. हा पठ्ठ्या महिनाभर रोज पहाटे पाचला उठून त्या नळापुढं बसायचा. घरच्या नळाला पाणी भरायला कधी उठला नाहीत, असं त्याची बायको, अंजनावहिनी, त्याला ऐकवायच्या.

मग त्यानं दूध घालायला येणाऱ्यांचे फोन धरून धरून त्रेपन्न जणांची वॉलेटं उघडून दिली आणि मत टाकण्यापुरता एकेक थेंब प्रत्येकाला पाठवला. कुणाच्या वॉलेटचा पत्ता कुठल्या चार अक्षरांनी संपतो ते वहीत लिहून ठेवलं. राजनंदिनी म्हणाली, याची काही गरज नाही काका. तो म्हणाला, रेकॉर्ड पाहिजे.

एका रविवारी सकाळी संकलन केंद्रावर मतदान झालं. दादा खुर्ची टाकून बसले होते, आणि खोटंच हाय, दाबा बिनधास्त, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. दहा वाजता राजनंदिनीनं लॅपटॉपवर बघून आनंदानं सांगितलं, की त्रेपन्नच्या त्रेपन्न नोंदी लागल्या, एकही चूक नाही. निकाल तिनं त्याच आनंदात वाचला. वीरधवल बारा, जोतिबा एक्केचाळीस.

जो तो आपापली किटली उचलायला लागला. दादा हसले, मग हे पुसून टाक म्हणाले. ती म्हणाली, पुसता येत नाही पप्पा, जगात कुणालाही दिसतं. जगाला आमच्या दूध संस्थेचं काही पडलेलं नव्हतं, पण दादांना दिवसभर जेवण गेलं नाही.

जोतिबा आठवडाभर ताठ मानेनं हिंडत होता. माझ्या जिवाला तेवढंच बरं वाटत होतं. मग त्याला सुचू नये ते सुचलं. वहीतले पत्ते आणि नेटवर्कवरच्या नोंदी त्यानं एकाला एक लावून बघितल्या. मत गुप्त राहत नाही, हा राजनंदिनीच्या प्रोजेक्टातला एकमेव दोष, आणि तो शोधला जोतिबानं. त्याबद्दल तिला कॉलेजात शाबासकी मिळाली. जोतिबाला काय मिळालं ते ऐका.

पहिलंच नाव निघालं वीरधवलदादांचं. दादांनी मत जोतिबाला दिलं होतं. हा भोळा सांब आभार मानायला त्यांच्याकडं गेला. दादा म्हणाले, "अरं, तुला शून्य पडू ने म्हणून दिलं." मग हा एकेकाला विचारत सुटला. सुलाबाई तेच म्हणाल्या, साईराज तेच म्हणाला. बिचाऱ्याला एक तरी पडावं असं एकेकट्यानं ठरवून गावानं त्याला निवडून दिलं होतं. मलाही त्यानं विचारलं. मीही तेच सांगितलं, कारण खरं तेच होतं. नाहीतर दुसरं काय सांगणार होतो मी?

आणि दादांना पडलेल्या बारांत एक पत्ता निघाला अंजनावहिनींचा. संस्थेचं सभासदत्व त्यांच्याही नावावर आहे. तो वही घेऊन चुलीपुढं गेला आणि तो पत्ता त्यांच्यापुढं धरला. भाकरी थापता थापताच त्या म्हणाल्या, "आवं, खोट्यात मत देऊन तुमाला तेवढ्यावर गप कशाला बशिवू? खऱ्यात ऱ्हावा हुबं, मग बघा देती का न्हाई."

ह्या वर्षी निवडणूक लागली. जोतिबानं नेहमीसारखा अर्ज भरला. माघारीच्या दिवशी दादांची गाडी दारात आली. जोतिबा अंगणात उभा राहून म्हणाला, "दादा, ह्या खेपंला मी माघार घेत न्हाई." दादांना चेष्टा वाटली. ते तीन वाजेपर्यंत गाडीतच बसून राहिले, आणि तीनला मुदत संपली. दुसऱ्या दिवसापासून जोतिबाच्या म्हशींच्या दुधाला केंद्रावर फॅट कमी लागायला लागली आणि दर उतरला. म्हशींनाही राजकारण कळतं आमच्याकडं.

गावाचा पंचवीस वर्षांचा एकोपा मोडला म्हणून लोक त्याच्याशी बोलेनासे झाले. मतदान कागदावर झालं, पेटीत, गुप्त. दादांना एकशे त्रेसष्ट, जोतिबाला नऊ. त्यानं अधिकाऱ्याला आकडा दोनदा विचारून घेतला. मी सांत्वन करायला गेलो, तर गडी उजळलेला. म्हणाला, "नऊ, गुरुजी. दादाला न भिता दिल्यात. ह्यांस्नी काय माझी कीव आल्याली न्हवती."

आता गंमत बघा. आजवर अठरा जणांनी त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलंय, की त्या नवांत मी होतो. तो प्रत्येकाला घरी नेऊन चहा पाजतो, कुणाला खोटं पाडत नाही. परवा मलाही नेलं. वहिनींनी चहा ठेवला. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. छत्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं मी, पण माझंही दूध त्याच केंद्रावर जातं. लाजेनं मला कप उचलवेना.

"जोतिबा," मी म्हणालो, "मी नव्हतो."

"ठाव हाय," तो म्हणाला. "च्या घ्या."