जॉईंटवरचा घाव

आज नातवानं अंगणात जीपचं पुढचं चाक उतरवलं, अन् जुन्या ग्रीसच्या वासानं माझा गाल चरचरला.

साठ-बासष्टची गोष्ट. परतवाड्याला आमचं गॅरेज होतं. नवरा एका जीपचा स्टेअरिंगचा जॉईंट बदलत होता. गंजलेला, सकाळपासून ठोकूनही निघेना. मी चहा नेला. "निघाला का?" एवढंच विचारलं.

"तुले काय करा लागते?" म्हणत त्यानं काळ्या हातानं थोबाडीत मारली. कप फुटला. तो पुन्हा ॲक्सलवर वाकला.

मी हातोडा उचलला अन् दोन्ही हातांनी हाणला. त्याच्या कानाला चाटून घाव खाली बसला, जॉईंट खाडकन निखळला. त्यानं पुन्हा कधी हात उचलला नाही.

"आजीचा नेम म्हणजे नेम!" नातू आजही कौतुकानं सांगतो.

नेम चुकला होता, बाबू.